पाडव्याच्या पुरणाआधी कल्हई: शहापुरातल्या बिनपाटीच्या दुकानाचा अनुभव

25 मार्च 2025, मंगळवार. सकाळी पाच पितळी भांडी दोन पोत्यांत घालून मी स्कूटरवरून आमच्या बेळगावातल्याच शहापूरला नेली. पाडवा रविवारी, 30 तारखेला होता. घरी चौदा माणसं जेवायची होती, दीड किलो डाळीचं पुरण घालायचं ठरलं होतं आणि भांड्यांची कल्हई पार गेली होती. तळाला पिवळं पितळ उघडं पडलेलं.

दुकानाला पाटी नाही. शहापूरच्या खडेबाजारातून आत एका बोळात पत्र्याची शेड आहे, तिथं एक वयस्कर चाचा आणि त्यांचा मुलगा बसतात. कोळशाचा वास आला की डावीकडं वळा, असं भाजीवालीनं सांगितलं होतं, तेवढ्या खुणेवर सापडलं. पूर्वी हे काम दारात यायचं. कल्हईवाला ओरडत गल्लीत शिरला की आई माडीवरून भांडी खाली काढायची आणि आम्ही पोरं भाता ओढायला भांडायचो. आता दहा-बारा वर्षांत गल्लीत एकही कल्हईवाला फिरकलेला नाही. बोगार म्हणजे कन्नडात भांडी विकणारा कासार. ज्या गावात बोगारवेस नावाची आख्खी पेठ आहे, त्या गावात कल्हईवाला शोधायला मला तीन दिवस लागले. म्हणून सविस्तर लिहितोय. कुणाला तरी उपयोग होईल.

आधी हे सांगतो की एवढा खटाटोप का केला. दोन वर्षांपूर्वी पाडव्यालाच आमची कटाची आमटी कळंकली. कल्हई चार वर्षांची जुनी होती, मधे मधे उडालेली. मी बघितलं होतं, खरं एवढ्यानं काय होतंय म्हणून तशीच आमटी केली. चिंच पडली, आमटी तासभर भांड्यात राहिली आणि पानात वाढेपर्यंत तिला तांब्याची उग्र, जिभेला ओढणारी चव आली होती. काठाला हिरवट कड. थोरल्या बहिणीनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. सात-आठ लिटर आमटी सणाच्या दिवशी मोरीत ओतावी लागली. पोळी आमटीशिवाय खाल्ली सगळ्यांनी. (आमच्याकडं पोळी म्हणजे पुरणाचीच, रोजची ती चपाती.) त्यानंतर बायकोनं पितळ माळ्यावर टाकलं आणि गेल्या वर्षी सगळं कुकरात आणि स्टीलमध्ये केलं. पुरण झालं, खरं ते पुरण आमच्या घरचं लागलं नाही. डाळ शिट्ट्यांत फुटून गाळ झाली, कट निघाला तो नुसता पिवळं पाणी, आणि स्टीलच्या पातेल्यात गूळ घातल्यावर तळ करपला.

मी उद्यमबागेत फौंड्रीत एकतीस वर्षं काम केलंय. त्यामुळं धातूच्या बाबतीत मला तळ का करपतो हे कळतं. पितळ उष्णता स्टीलपेक्षा सहा-सात पट चांगली वाहून नेतं. ज्योत मधोमध असली तरी ताप भांडंभर पसरतो. स्टीलमध्ये ज्योतीच्या वर जेवढा गोल तेवढाच तापतो आणि गुळाचं पुरण नेमकं तिथंच धरतं. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तिला फक्त ‘पितळेत लागत नाही’ एवढं माहीत होतं. दोन्ही एकच गोष्ट आहे.

आता दुकान. पोती उतरवल्यावर मी चाचांना पहिलं विचारलं, कथील कुठलं वापरता. हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा. कथील तांब्यापेक्षा कितीतरी महाग असतं आणि शिसं स्वस्त, त्यामुळं शिसं मिसळलेली कांडी वापरायचा मोह होतो. शिसं मिसळलं की भांडं चमकतं तसंच, काम उलट सोपं होतं, कारण मिश्रण लवकर वितळतं. पण ते आंबट आमटीबरोबर पोटात जातं आणि लहान पोरांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. चाचांना राग आला नाही. त्यांनी कांडी माझ्या हातात दिली, म्हणाले, “भाऊ, वाकवून बघा.” कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून करकर असा बारीक आवाज येतो. आतले स्फटिक झटक्यानं वळतात त्याचा तो आवाज. शिशाची कांडी मुकाट वाकते. ही कांडी करकरली. मग कागदावर ओढून बघितली, शिशासारखी काळी-करडी रेघ उमटली नाही. मी म्हटलं, ठेवून घ्या पाचही भांडी.

पहिलं भांडं माझ्यासमोरच झालं. मुलानं आधी आतून ॲसिडचं पाणी फिरवलं, वाळूनं घासलं, धुतलं. मग कोळशाच्या खड्ड्यावर पातेलं उपडं-सुलटं करून तापवलं. भाता जाऊन आता विजेचा ब्लोअर आलाय, बाकी सगळं माझ्या लहानपणी होतं तेच. भांडं पुरतं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो, नाकात झोंबतो. हा नवसागर म्हणजे आमच्या भाषेत फ्लक्स. तापल्यावर तो फुटतो आणि त्यातून निघणारं आम्ल पितळेवरचा गंज खाऊन टाकतं. त्याशिवाय कथील पितळेला चिकटत नाही, पाण्यासारखं गोळा होऊन पळतं. मग कांडी टेकवायची. कथील 232 अंशांना वितळतं. टेकवल्या टेकवल्या ते चांदीच्या पाण्यासारखं धावतं आणि चाचा कापसाच्या बोळ्यानं ते तळापासून काठापर्यंत एका दमात पुसत नेतात. सबंध काम अर्ध्या मिनिटाचं. हात थांबला तर जाड थर बसतो, ताप कमी पडला तर दाणे येतात, जास्त झाला तर कथील पिवळट पडतं. मी एकतीस वर्षं ओतकाम बघितलंय, तरी त्या हाताकडं बघत उभा राहिलो. शेवटी भांडं पाण्यात. चर्र आवाज, आणि आतून आरसा.

एक गोष्ट मला खटकली आणि ती मी त्यांनाही सांगितली. मुलगा त्या धुरात तोंडाला काही न बांधता बसतो आणि ॲसिडला उघडा हात लावतो. मी दुसऱ्या खेपेला घरातून रबरी हातमोजे आणि दोन मास्क नेऊन दिले. वापरतोय की नाही माहीत नाही. तुम्ही गेलात तर त्याला एकदा म्हणा.

दर सांगतो. बारा लिटरचं मोठं पातेलं 450, त्याखालचं 350, डेचकी 250, तपेलं 200, लहान पातेलं 150. एकूण 1,400 रुपये. पावती देत नाहीत, रोख घेतात. दर मला रास्त वाटला, कारण कोळसा, कथील आणि दोन माणसांचा घाम त्यात आहे. गुढीचा तांब्या मुलानं चिंचेनं घासून चकचकीत करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

वेळेच्या बाबतीत मात्र आधीच पक्कं बोलून घ्या. गुरुवारी देतो म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी गेलो तर मोठं पातेलं अजून कोपऱ्यात तसंच. सणाच्या आठवड्यात ढीग लागतो, आणि या गावात पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, त्यामुळं मराठी घरांची आणि कन्नड घरांची भांडी एकदमच येतात. शुक्रवारी रात्री आठला सगळं मिळालं. शनिवारी अमावास्या, दुकान बंद. म्हणजे एक दिवस जरी हुकला असता तर आमची पंचाईत होती. शिवाय एक झाकण बदललं. आमच्या झाकणावर आईच्या नावाची अक्षरं टोचलेली आहेत म्हणून मला लगेच कळलं, नाहीतर तिसऱ्याचंच झाकण घेऊन आलो असतो. तुमच्या भांड्यांवर नाव नसेल तर तारेनं चिठ्ठी बांधून द्या.

घरी आल्यावर मी लगेच परीक्षा घेतली. पाचही भांड्यांत चिंचेचं पाणी घालून दोन तास ठेवलं. चार भांड्यांत पाणी जसंच्या तसं, ना वास ना हिरवी झाक. लहान पातेल्यात मात्र काठाच्या खाली बोटभर पट्टी पिवळी दिसायला लागली. तिथं कथील धरलंच नव्हतं, वरवर पुसलं गेलं होतं. दुकान बंद, म्हणून त्या पातेल्यात पाडव्याला फक्त पाणी तापवलं. मंगळवारी, 1 एप्रिलला परत नेलं. चाचांनी बोट फिरवून बघितलं, एक शब्द न बोलता भट्टी पेटवली आणि पुन्हा करून दिलं, पैसे नाहीत. चूक कुणाचीही होते. ती कबूल करून लगेच हाताला लागणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

आता पाडव्याचं सांगतो, कारण कल्हईची खरी परीक्षा तिथंच झाली.

डाळ रात्री भिजवली होती. पहाटे पाचला बारा लिटरच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यात चमचाभर तेल आणि हळद, मग डाळ. झाकण अर्धं. फेस आला की पळीनं काढायचा, म्हणजे कट स्वच्छ राहतो. सव्वा तासात डाळ बोटानं चिरडता येईल अशी शिजली, तरी दाणा अख्खा होता. रोवळीत ओतली, खाली तीन लिटरच्या वर दाट, पिवळा कट निघाला. बायको म्हणाली, “अहो, हा बघा कट. गेल्या वर्षी पाणी होतं ते.” तिच्या मनगटाला त्रास आहे, म्हणून पुरण घोटायचं काम माझ्याकडं.

डाळ परत त्याच पातेल्यात, बरोबरीनं दीड किलो गूळ. गूळ घातला की पुरण आधी पातळ होतं आणि नवशिका घाबरतो. घाबरायचं नाही, मध्यम आचेवर हलवत राहायचं. लाकडी उलथनंच वापरायचं, स्टीलचं नाही, नाहीतर कल्हईवर ओरखडे पडतात. चाळीस मिनिटं मी हलवत होतो. तळ धरला नाही. एकदाही नाही. उलथनं मधोमध उभं केलं, पडलं नाही, तेव्हा बायको म्हणाली उतरवा. सुंठ, वेलदोडा, जायफळ. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढलं, गार झालं की यंत्राचा दांडा फिरत नाही. पातेल्याच्या तळाला जे राहतं ते खरवडावं लागलं नाही, ओल्या हातानं निघालं. नातवानं ते चाटून खाल्लं आणि मी निश्चिंत होतो, कारण कांडीचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

आमटी डेचकीत केली. इथं एक नियम पाळा, कल्हईच्या भांड्यात फोडणी करायची नाही. 232 अंश हा आकडा लक्षात ठेवा. पाणी शंभराला उकळतं, गुळाचं पुरण त्याच्या थोडंच वर जातं, तिथं कल्हई सुखरूप असते. पण रिकामं भांडं गॅसवर विसरलं किंवा तेल धुरावेपर्यंत तापवलं की कथील वितळून तळाला गोळ्या होतात आणि 250 रुपये गेले म्हणून समजा. आम्ही लोखंडी पळीत तेल, मोहरी, हिंग, कढीलिंब अशी फोडणी केली आणि वरून ओतली. मसाल्यात भाजलेलं सुकं खोबरं, धणे, जिरं, दोन लवंगा आणि संकेश्वरी मिरची. ब्याडगीनं रंग चांगला येतो, पण कटाच्या गोडसर अंगाला संकेश्वरीचा ठसका लागतो, असं माझं ठाम मत आहे. मग चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. ज्या चिंचेनं दोन वर्षांपूर्वी घात केला, तीच चिंच. कोळ ओतताना बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही.

पाऊण तास उकळली. वाटीत काढून पहिला घोट मी घेतला. आंबट, तिखट, मागून गूळ, आणि बाकी काही नाही. धातूचा लवलेश नाही. थोरल्या बहिणीला वाटी दिली तेव्हा तिनं आधी वास घेतला, मग चव, मग दुसरी वाटी मागितली.

गुढी सकाळीच उभारली होती. गुळेदगुड्डचा खण, कडुलिंब, आंब्याची पानं, साखरेच्या गाठी आणि वर तो चकचकीत तांब्या. कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, जिरं, मीठ वाटून केलेली गोळी सगळ्यांनी खाल्ली, पोरांनी तोंड वाकडं करून. पोळ्या साठाच्या आसपास झाल्या. त्या दोघी बहिणींनी आणि बायकोनं लाटल्या, त्यात माझा हात नाही, त्यामुळं त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो, पुरण सगळीकडं सारखं मऊ होतं आणि एकही पोळी फुटली नाही. वरणाला आणि भाताला तपेलं आणि दुसरं पातेलं. भात बेळगाव बासमतीचा. झाकण उघडल्यावर त्याचा वास पुढच्या खोलीत आला.

दुपारी शेजारच्या अक्का आल्या. त्या बैलहोंगलच्या, त्यांच्याकडं उगादी. वाटीत बेवु-बेल्ल घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडचं बेवु पातळ असतं, कडुलिंबाचा फुलोरा, गूळ, कैरी, पुटाण्याचं पीठ असं कालवून केलेलं, आमच्या गोळीपेक्षा प्यायला सोपं. बायकोनं त्यांना पोळी आणि आमटी दिली. अक्कांनी आमटीआधी डेचकीच्या आत बघितलं आणि विचारलं, “एल्ली माडिसिद्री?” कुठं करून घेतलं, हेच त्यांना पाहिजे होतं. त्यांचीही सासूची तीन भांडी माळ्यावर पडून आहेत. मी बोळाची खूण सांगितली. पुढच्या आठवड्यात त्या जाऊन आल्या, काम चांगलं झालं म्हणाल्या, मात्र त्यांना पाच दिवस लागले.

आमटी मुद्दाम थोडी डेचकीत ठेवली होती, बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळी आमटी ताज्यापेक्षा चांगली लागली, रंगही बदलला नव्हता. तरी माझा सल्ला हाच की रात्री उरलेलं आंबट स्टीलमध्ये काढून ठेवावं, कल्हई जास्त टिकते. दही, ताक, श्रीखंड यांना पितळ मुळीच नको, कल्हई असली तरी. आमचं श्रीखंडाचं भांडं काचेचंच आहे.

धुण्याबद्दल बायकोनं घरात नियम घालून दिलाय आणि तो बरोबर आहे. बाहेरून चिंच-मीठ, आतून फक्त नारळाचा मऊ काथ्या आणि साधं साबणाचं पाणी. तारेची घासणी त्या भांड्यांच्या जवळही नाही. कामाला येणाऱ्या मावशींना तिनं पहिल्याच दिवशी दाखवून सांगितलं.

30 एप्रिलला अक्षय्य तृतीयेला पुन्हा पुरण घातलं, या वेळी अर्ध्या किलोचं. महिन्याभरात मोठं पातेलं सहा-सात वेळा वापरलं गेलंय. आतून अजून पांढरं आहे, तळाला जराशी करडी झाक आलीय, ती येतेच, त्यानं बिघडत नाही. पिवळं दिसायला लागलं की मग परत न्यायचं. आमच्या वापराला दीड-दोन वर्षं जातील असा माझा अंदाज आहे. दुसऱ्यांदा केलेलं लहान पातेलं तर पाचांत सगळ्यात चांगलं निघालंय, काठापर्यंत एकसारखं.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा चाचा स्वतः भट्टीवर असतात. दुपारनंतर बहुतेक काम मुलगा बघतो. त्याचा हात चांगला आहे, पण काठ त्याच्याकडून राहतो, तेवढं तिथंच उजेडात धरून तपासा. चारचाकी बोळात जात नाही. सणाआधी किमान आठ दिवस भांडी टाका. आमच्या माळ्यावर आईची पितळी परात आणि दोन तांबे अजून आहेत, ते मी दसऱ्याच्या गर्दीआधी, श्रावणातच नेणार आहे.